देवापुढे मागितलेलं प्रमोशन

मी नोकरी सोडून घरी आले तेव्हा आईने पहिला प्रश्न विचारला तो असा : "लोकांना काय सांगायचं?"

तुला काय होतंय, हा प्रश्न नंतर आला. तोही रात्री जेवताना, आमटी वाढता वाढता, जणू मीठ बरोबर आहे का हे विचारल्यासारखा. आधी लोक. आमच्या घरात लोक कायम पहिल्या पंगतीला बसतात आणि आम्ही घरचे मागाहून उरलंसुरलं खातो.

आमचं गाव बोर्ली पंचतनच्या बाजाराला जवळ, समुद्राच्या अंगाला. नारळ-सुपारीची वाडी आहे. बाबा हायस्कुलात गणित शिकवायचे, आता निवृत्त आहेत. म्हणजे पंचक्रोशीतल्या अर्ध्या माणसांना त्यांनी गणित शिकवलंय आणि उरलेल्यांना नापास केलंय. अशा माणसाच्या मुलीने दुसरा नंबर काढला तरी ती बातमी होते. मी काढला होता एकदा, सातवीत. ज्या मुलीचा पहिला आला तिच्या वडिलांना रस्त्यात बघून बाबांनी सायकल वळवली होती. ते मी पाहिलं. पुढे कधी दुसरा नंबर काढायची माझी हिंमतच झाली नाही.

मग इंजिनिअरिंग झालं, नवी मुंबईत काचेच्या इमारतीत नोकरी लागली, गावात पेढे वाटले गेले. त्या नोकरीबद्दल मला फार काही सांगायचं नाही, कारण सगळ्यांच्या नोकऱ्या तशाच असतात. रोज सकाळी एक कॉल असायचा. काल काय केलं, आज काय करणार, आणि काल म्हणालीस ते का झालं नाही. संध्याकाळी घरचा कॉल. जेवलीस का, बढतीचं काय झालं, मावशीचा मुलगा कॅनडाला चाललाय. या दोन कॉलच्या मध्ये जो काही वेळ असेल तो माझा. त्यात मी मैत्रिणींच्या ग्रुपवर हसणाऱ्या बाहुल्या पाठवायचे, कारण दोन दिवस गप्प बसलं की तिथेही विचारणा व्हायची, काय गं, भाव खातेस का.

एके सकाळी कॉलवर माझं नाव पुकारलं आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना. हात गार पडले, छातीत धडधड सुरू झाली, कानात नुसता घूं असा आवाज. समोरच्या पडद्यावर नऊ-दहा चेहरे माझ्याकडे बघत होते. कोणीतरी म्हणालं, तू म्यूटवर आहेस. मी म्यूटवर नव्हते. मी लॅपटॉप बंद केला आणि बाथरूममध्ये जाऊन फरशीवर बसून राहिले. पुढचे काही आठवडे हे रोज होऊ लागलं. झोप तर पार उडाली होती. शेवटी एका डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, "काही महिने घरी जा. कुणालाही काहीही सिद्ध करून दाखवायचं नाही, हेच औषध समज. आणि बरं वाटायच्या आत परत गेलीस तर पुढच्या वेळी एवढ्यावर निभावणार नाही."

मी राजीनामा दिला आणि औषध घ्यायला घरी आले. काय म्हणावं माझ्या अकलेला.

लोकांना काय सांगायचं, यावर तोडगा बाबांनी काढला. गणिताचा माणूस, उत्तर शोधतोच. "घरून काम करते म्हणू. आजकाल सगळेच करतात." झालं. आईचा जीव भांड्यात पडला. माझ्या गोळ्या तिने कॅल्शियमच्या डब्यात भरल्या, कोणी विचारलंच तर कॅल्शियमच्या आहेत म्हणता यावं म्हणून.

पण घरून काम करते म्हटलं की काम करताना दिसायला लागतं. हे आम्हा तिघांच्याही आधी लक्षात आलं नाही. आमची ओटी रस्त्यालगत आहे आणि सुपारी सोलायला येणाऱ्या बायका समोरच अंगणात बसतात. दुसऱ्याच दिवशी त्यांतली एक म्हणाली, "ताई, आज सुट्टी काय गो?" आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने लॅपटॉप आणून खिडकीपाशी बसले. त्या दिवसापासून तीच माझी ड्युटी. सकाळी चहा झाला की खिडकीशी बसायचं, पडद्यावर पत्ते मांडायचे, अधूनमधून कपाळाला आठी घालून टाइप करायचं. मी गाऊनवर बसले तर आई म्हणायची, "अगं, मिटिंगला असं बसतात का? कुर्ता तरी घाल." कोणी आलं की ती तोंडावर बोट ठेवून उंबऱ्यातूनच त्यांना गप्प करायची आणि कौतुकाने म्हणायची, "मिटिंग चाललीय. फॉरेनच्या लोकांबरोबर."

मी फॉरेनच्या लोकांबरोबर इस्पिकच्या राणीची जागा शोधत असायचे.

हसू येतं ना वाचून? मलाही पहिल्या आठवड्यात आलं. मग संताप यायला लागला. खऱ्या नोकरीत निदान शनिवार-रविवार होता. इथे रविवारी पाहुणे. आणि पाहुणे म्हणजे नुसते चहा पिऊन जाणारे नव्हेत. कोणी मुलाची माहिती मोबाईलवर पाठवून जायचं, लाव बघू तुझ्या कंपनीत कुठेतरी. कोणी हळूच पगार विचारायचं. ठाण्याच्या आत्याने फोनवर तीन स्थळं सांगितली आणि वर म्हणाली, "घरून काम करणारी मुलगी हल्ली हवीच असते, घरचंही बघते." मी घरचंही बघत होते, नोकरीही बघत होते, आणि दोन्हीतलं काहीही करत नव्हते. संध्याकाळपर्यंत माझा जबडा दुखायचा, इतकं मी बरी असल्यासारखं हसत असायचे. डॉक्टरबाईंनी सांगितलेलं औषध राहिलं बाजूला, मी सकाळ-संध्याकाळ विषच घेत होते आणि ते माझी आई प्रेमाने वाढत होती.

अशात बाबांनी दुसरी नोकरी आणली. अलिबागला त्यांचे कॉलेजपासूनचे मित्र राहतात, मोठे वकील आहेत. त्यांच्या ओळखीने वाशीच्या एका कंपनीत जागा निघाली. शिमगा झाला की येणाऱ्या सोमवारी हजर व्हायचं.

"मी जाणार नाही," मी म्हटलं.

"मी शब्द दिलाय."

"तुम्ही दिलाय ना, मग तुम्ही जा."

बाबांना उलट उत्तर द्यायची आमच्या घरात पद्धत नाही. ते उठून वाडीत गेले आणि उगाचच पंप सुरू करून बसले. आई मागच्या दाराशी पदर तोंडाला लावून म्हणाली, "त्यांचं नाक कापू नकोस गं. किती दिवस अशी बसणार? लोकांना संशय यायला लागलाय." मी तिला डॉक्टरबाईंचं बोलणं पुन्हा सांगितलं. परत गेले तर धड परत येणार नाही, हे मला आतून माहीत होतं, तेही तिला अगदी याच शब्दांत सांगितलं. ती रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "पालखी येऊ दे. देवाला सांगू. तो बघेल काय ते."

शिमग्यात आमच्याकडे ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते. पुढे खालूबाजा, म्हणजे ढोल-ताशा आणि सनई, मागे अख्खी वाडी. प्रत्येक ओटीवर पालखी टेकते, बायका देवीची ओटी भरतात आणि गुरवकाका त्या घराचं गाऱ्हाणं घालतात. गाऱ्हाणं म्हणजे घरच्यांच्या वतीने देवाला मोठ्याने सांगायचं की या घरात अमुक अडचण आहे, ती दूर कर, तमुक हवंय, ते दे. प्रत्येक वाक्याला जमलेले सगळे एका आवाजात म्हणतात, "व्हय महाराजा." काय मागायचं ते घरची बाई आधी गुरवकाकांच्या कानात सांगते. कानात सांगितलेलं ते पार नाक्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात मागतात. त्यांचा आवाजच तसा आहे.

लहानपणापासून माझं सगळं असंच मागितलं गेलंय. दहावीला बोर्डात येऊ दे, व्हय महाराजा. बारावीला गणितात पैकीच्या पैकी पडू दे, व्हय महाराजा. एका वर्षी माझ्या तोंडावरचे फोड जाऊ देत, असंही मागितलं होतं. पन्नास माणसं माझ्या तोंडाकडे बघून व्हय म्हणाली. त्यांत माझ्या वर्गातली मुलंही होती. मला त्या दिवशी मरून जावंसं वाटलं होतं, पण आई म्हणाली, देवापुढे कसली लाज.

तर यंदा पालखी आली. संध्याकाळची वेळ, ओटी सारवलेली, रांगोळी काढलेली. बाबा टोपी घालून उभे. आईने ओटी भरली आणि गुरवकाका खाली वाकले. मी अगदी जवळ होते, म्हणून मला तिची घालमेल दिसली. माझी आई म्हणजे नैवेद्याचं मीठ चाखून न बघणारी बाई. देवाशी खोटं बोलायचं तिच्या स्वप्नातही येणार नाही. पण गुरवकाकांच्या मागे शेजारच्या चार बायका कान टवकारून उभ्या होत्या. आमची मजा बघा. गावाला थाप मारली, तेव्हा हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं की शिमग्यात तीच थाप देवालाही मारावी लागणार. कारण आमच्याकडे देवाला एक आणि गावाला एक असं वेगळं सांगायची सोयच नाही, दोघंही एकाच वेळी ओटीवर येतात.

आईचे ओठ हलले. गुरवकाका सरळ झाले, ढोल थांबला.

"बा देवी म्हाराजा, ह्या मास्तरांच्या घरात तुझी लेक मोठ्या कंपनीत काम करते हाय..."

"व्हय महाराजा."

"तिला औंदा प्रमोशन दे, मोठा पगार दे, परदेशात ने..."

"व्हय महाराजा."

आई डोळे मिटून, तबक छातीशी घट्ट धरून उभी होती. बाबा समोर बघत होते. ते बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. यांना देवीची भीती वाटत होती, मला दिसत होतं. देवीपेक्षा जास्त भीती त्या चार बायकांची वाटत होती. आणि या सगळ्या हिशोबात माझी भीती कुठेच नव्हती.

"आनि जे काय येणाऱ्या सोमवारी नवं कार्य आरंभायचं, त्यात यश दे..."

"न्हाय महाराजा," मी म्हटलं.

मी ओरडले नाही. पण ढोल थांबलेला, सगळे व्हय म्हणायला तोंड उघडून उभे, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. दोन-चार जण सवयीने व्हय म्हणालेही, मग मध्येच थांबले.

"काय न्हाय गो?" गुरवकाका म्हणाले. रागावून नाही, त्यांना खरंच कळलं नव्हतं.

"कंपनी नाही. नोकरी सोडून आले मी. मला बरं नाही, माणसं बघितली की छाती धडधडते, झोप लागत नाही, गोळ्या चालू आहेत. खिडकीत बसून मी पत्ते खेळते. आणि सोमवारी मी कुठेही जाणार नाही."

बाबा आत निघून गेले. आईने तबक खाली ठेवलं. मागून कोणीतरी "अरे देवा" म्हटलं, आणि पालखीपाशी उभ्या असलेल्या मुलांनी पाय बदलले. ती सगळी माझ्याच वयाची, कोणी पोलीस भरतीला तीनदा जाऊन आलेला, कोणी बारावीनंतर पुढे काय करतोस या प्रश्नाला आठ वर्षं वेगवेगळं उत्तर देणारा. एकानेही माझ्याकडे बघितलं नाही. सगळे जमिनीकडे बघत होते.

गुरवकाकांची मात्र वेगळीच अडचण होती. "गाऱ्हानं अर्धं सोडता येत न्हाय," ते म्हणाले. "देवी खोळंबलीय. मागितलंय ते मी मागे घेतो. पन काहीतरी मागायला होवं. बोल, तुला काय मागू?"

सव्वीस वर्षांची घोडी, इतका वेळ फणफणत होते, आणि मला काय हवंय हे विचारल्यावर मला एकही गोष्ट आठवेना. आठवणार कुठून? तो प्रश्न मला याआधी कोणी विचारलाच नव्हता, परस्पर उत्तरं ठरत गेली होती. सगळे थांबले होते. मला रडू यायला लागलं आणि त्याचाही राग आला.

"झोप," मी म्हटलं. "झोप मागा."

गुरवकाकांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग घसा साफ केला. "बा देवी म्हाराजा, ह्या तुझ्या लेकीला नोकरी न्हाय, तिच्या जीवाला बरं न्हाय. तिला गाढ झोप लागू दे. तिच्या झोपेत कोणी येऊ देऊ नको."

"व्हय महाराजा." पालखीवाल्या मुलांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

इथे सगळं चांगलं झालं असं लिहायला मलाही आवडलं असतं. पण लोक ते लोकच. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता कुंपणावरून हाक आली, "काय गो, लागली काय झोप?" नव्हती लागली. मग जायफळ आलं, उगाळून दुधातून घे. मग काशाची वाटी आली, तळव्यांना तूप घास. एक काकू तर पार अलिबागजवळच्या थळचा पत्ता घेऊन आल्या, तिथे कोणी बाई दृष्ट उतरवतात म्हणे. प्रत्येकीला संध्याकाळपर्यंत निकाल हवा होता. तिसऱ्या दिवशी एकीने तोंडावर सांगितलं, "एवढं अख्ख्या गावाने मागितलं तुझ्यासाठी, आता झोपायला काय होतंय?" म्हणजे आता झोपेतही माझा पहिला नंबर यायला हवा होता. मी तिला म्हटलं, "काकू, तुम्ही गप्प बसलात तर लागेल." आईने हे ऐकलं आणि मला वाटलं आता बोलणी बसणार. तिने लॅपटॉप उचलला, पुसला आणि कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिला.

बाबा माझ्याशी बोलत नव्हते. शनिवारी दुपारी त्यांनी वकीलकाकांना फोन लावला. सोमवार जवळ आला होता, सांगणं भागच होतं. मी ओटीवर आडवी पडले होते, त्यांना वाटलं डोळा लागलाय.

"हां, नमस्कार. अरे, मुलीचं सांगायचं होतं. नाही येत ती. नाही नाही, तसं काही नाही. तिला पुण्याहून फार मोठी ऑफर आलीय, पॅकेज दुप्पट..."

देवीपुढे तमाशा झाला, गावात शोभा झाली, घराघरातून जायफळ आलं, आणि हा माणूस अजून मला प्रमोशन देतच होता. मी उठले आणि त्यांच्या हातातून फोन काढून घेतला.

"काका, मी बोलतेय. ऑफर-बिफर काही नाही. मी आजारी आहे. डोक्याने थकलेय, म्हणून नोकरी सोडली. आता घरी आहे आणि बरी होईपर्यंत घरीच राहणार."

मला वाटलं, ओरडतील. त्यांनी एवढंच विचारलं, "गावात कळलंय?"

"पालखीपुढे सांगितलं."

"सगळ्यांसमोर?"

"हो."

"मग? काय म्हणाले?"

"जायफळ घे म्हणाले."

ते हसले नाहीत. त्यांचा आवाज एकदम खाली आला, फोन तोंडाशी धरून दाराकडे पाठ केल्यासारखा. "आमचा मुलगा बेंगळुरूला आहे, असं सांगतो आम्ही."

"आणि आहे कुठे?"

"आतल्या खोलीत. गणपतीपासून."

गणपती ते शिमगा. मी मनात मोजलं, सहा महिने झाले होते. बाबा समोर उभे होते. आवाज त्यांनाही ऐकू येत असावा, कारण त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"बाहेर पडतो का तो?" मी विचारलं. "खाली, समुद्रावर, कुठेही?"

"कसा पडणार?" वकीलकाका म्हणाले. "बेंगळुरूला आहे ना."

"फोन द्या त्याला," मी म्हटलं.

त्यांनी फोन ठेवून दिला. बाबा म्हणाले, "राहू दे. नको असेल त्यांना." मी परत लावला.